हृदयाकडे वळवलेला पाट

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि अट घातली आहे की कॉम्प्युटरबद्दल बोलायचं नाही. जेवण झालेलं आहे, पंखे हळू फिरतायत, त्यामुळे अट योग्यच आहे. मी सॉफ्टवेअर लिहिते हे तुम्हाला ठाऊक आहे. कशाचं ते सहसा कुणी विचारत नाही, म्हणून आज न विचारता सांगते. बायपासचं ऑपरेशन चालू असताना, छाती उघडी असताना, नव्या जोडलेल्या रक्तवाहिनीभोवती एक छोटा चिमटा धरतात. तो अल्ट्रासाउंडच्या लहरी आरपार सोडतो आणि त्या वाहिनीतून मिनिटाला किती मिलिलिटर रक्त जातंय ते पडद्यावर उमटतं. पडद्यावरची ती वरखाली होणारी रेघ वाचायचा जो भाग असतो, तो लिहिण्याचं माझं काम. मेकॅनिकलची पदवी घेताना पाइपमधल्या प्रवाहाचा पेपर कसाबसा सुटला म्हणून हुश्श केलं होतं. तोच विषय आता पोटापाण्याचा झाला आहे.

हा विषय इथे का, तर आपल्या बॅचच्या ग्रुपवर आधी बारशाचे फोटो यायचे, मग मुलांचे दहावीचे निकाल, आणि आता अँजिओग्राफीचे रिपोर्ट यायला लागले आहेत. मी डॉक्टर नाही, तरी रिपोर्ट मला येतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: "किती बायपास करावे लागतील?" ज्यांचं ऑपरेशन होऊन गेलंय ते सांगतात, "माझे तीन झाले." लगेच दुसरा म्हणतो, "आमच्या सासऱ्यांचे पाच." जणू संमेलनात मिळालेले ढाल-कप. आणि त्याच्या मागोमाग येणारं वाक्य म्हणजे, "छाती उघडतायतच, तर बारीकसारीक ब्लॉक आहेत तिथेही घालून टाका म्हणावं." मला आज या वाक्याबद्दल बोलायचं आहे. ऐकायला ते शहाणपणाचं वाटतं. पण आमच्या पडद्यावरची रेघ काही वेगळंच सांगते.

आधी थोडी उजळणी. विज्ञानाच्या बाई समोर बसल्या आहेत, चुकलं तर थांबवतील. हृदयापासून रक्त नेते ती रोहिणी, हृदयाकडे परत आणते ती शीर. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या हृदयाच्या पृष्ठभागावरून जातात. त्यातली पुढच्या बाजूने खाली उतरणारी, जिला डॉक्टर एल.ए.डी. म्हणतात, ती सगळ्यात महत्त्वाची. ती किंवा तिच्या बहिणी अरुंद झाल्या की अडथळ्याच्या पुढे दुसरी वाहिनी जोडायची, हा बायपास. त्या दुसऱ्या वाहिनीला ग्राफ्ट म्हणतात. कोकणातल्यांनी कलम म्हटलं तरी चालेल, अर्थ तोच आहे.

हे कलम साधारण तीन ठिकाणांहून येतं. पहिलं म्हणजे पायातली लांब शीर. दुसरं म्हणजे मनगटावर जिच्यावर आपण नाडी बघतो ती हातातली रोहिणी. आणि तिसरं, छातीच्या मधल्या हाडाच्या कडेने आतून खाली उतरणारी रोहिणी. ऑपरेशन थिएटरमध्ये डावीकडच्या या रोहिणीला सगळे 'लिमा' म्हणतात. लिमाची गंमत अशी की तिचं वरचं टोक बहुधा तोडत नाहीत. ते हाताकडे जाणाऱ्या मोठ्या रोहिणीला जोडलेलं असतं, तसंच राहू देतात. फक्त खालचं टोक सोडवतात, वळवतात आणि केसापेक्षा बारीक धाग्याने एल.ए.डी.ला शिवतात. आपल्याकडे शेतात बांध फोडून पाट दुसऱ्या वाफ्याकडे वळवतात, तसंच. मूळ विहीर तीच, पाणी फक्त दुसरीकडे.

हे सुचायला बराच काळ गेला. १९५० मध्ये माँट्रियलला व्हाइनबर्ग नावाच्या सर्जननी ही छातीतली रोहिणी सोडवून थेट हृदयाच्या स्नायूतच पुरली. आज ऐकायला विचित्र वाटतं, पण काही रुग्णांत तिला नवे फाटे फुटले आणि हृदयाच्या वाहिन्यांशी जोडले गेले. १९६४ मध्ये लेनिनग्राडला कोलेसोव्ह यांनी ती रोहिणी धडधडत्या हृदयावरच्या रोहिणीला टाके घालून जोडली. त्यांच्या कामाकडे त्या वेळी फारसं कुणी लक्ष दिलं नाही. मग १९६७ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंड क्लिनिकला फावालोरो यांनी पायातली शीर वापरून बायपास करायला सुरुवात केली आणि ते जगभर पसरलं. हे फावालोरो मूळचे अर्जेंटिनाचे. अमेरिकेला जाण्याआधी बारा वर्षं त्यांनी ला पाम्पा प्रांतातल्या एका छोट्या गावात डॉक्टरकी केली होती. मला हा माणूस फार आवडतो, पण त्याच्याबद्दल बोलायला लागले तर वीस मिनिटं तिथेच संपतील.

शीर लोकप्रिय झाली कारण ती काढायला सोपी, लांब आणि रुंद. पण ती आयुष्यभर कमी दाबाला राहिलेली असते. तिला एकदम १२० च्या दाबाखाली आणून ठेवलं की तिची भिंत जाड होऊ लागते. १९८६ मध्ये त्याच क्लीव्हलंडच्या लूप आणि सहकाऱ्यांनी सुमारे सहा हजार रुग्णांचा दहा वर्षांचा हिशेब मांडला. ज्यांच्या तिन्ही रोहिण्या खराब होत्या, त्यांच्यात फक्त शिरा वापरलेल्या शंभरांपैकी ७१ दहा वर्षांनी हयात होते. एल.ए.डी.ला छातीतली रोहिणी जोडलेल्या शंभरांपैकी जवळजवळ ८३. हा काही चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग नव्हता, त्यामुळे तुलना अगदी निखळ नाही. तरीही तेव्हापासून एल.ए.डी.ला लिमा हा जवळजवळ नियमच झाला. दहा वर्षांनीही शंभरातल्या नव्वदांहून जास्त लिमा उघड्या असतात. शिरांमध्ये हे प्रमाण साधारण निम्म्या-साठांपर्यंत येतं. इथे बसलेल्यांपैकी कुणाची शीर वापरली असेल तर घाबरू नका. ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी तिचं आयुष्य वाढतं, आणि पंधरा-वीस वर्षं चाललेल्या शिराही आहेत.

आता असं का होतं, हा माझा भाग. पाइपमधून किती पाणी जाईल ते त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतं. म्हणजे दोन मिलिमीटर व्यासाच्या नळीऐवजी तीन मिलिमीटरची घेतली, बाकी सगळं तेच ठेवलं, तर प्रवाह पाचपट होतो. मग शीर रुंद, म्हणजे शीर चांगली, असं कुणालाही वाटेल. इंजिनिअरला तर वाटेलच. पण रक्तवाहिनी ही प्लंबरच्या दुकानातली पीव्हीसीची नळी नाही. तिच्या आतून एकपदरी जिवंत पेशींचं अस्तर असतं, आणि रक्त घासून जातं तेव्हा किती जोराने घासतंय हे त्या पेशींना कळतं. नळीचा व्यास दुप्पट केला आणि रक्त तेवढंच राहिलं, तर वेग चौथ्या हिश्श्यावर येतो आणि भिंतीवरचं ते घासणं आठव्या हिश्श्यावर. रक्त रेंगाळतं. अस्तराला वाटतं, इथे फार काही चाललेलं नाही. मग ती भिंत आतल्या बाजूने वाढायला लागते.

रोहिणी आपला व्यास स्वतः बदलते. रक्त जोराने घासून जात असेल तर अस्तरातल्या पेशी नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतात, भिंतीतले स्नायू सैलावतात आणि रोहिणी रुंद होते. हा वायू शरीरात निरोप्याचं काम करतो, या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. छातीतली रोहिणी हा वायू भरपूर बनवते. हृदयाला जोडल्यावर मागणी मोठी असेल, तर पुढच्या महिन्यांत ती हळूहळू आणखी रुंद होते. आणि मागणी नसेल तर आकसते.

आणखी एक गोष्ट मला पहिल्यांदा पडद्यावर दिसली तेव्हा मी दोनदा कोड तपासला होता. शरीरातल्या बाकी रोहिण्यांत रक्ताचा जोर हृदय आवळतं तेव्हा असतो. छातीत असतानाची लिमाही तशीच वागते. पण हृदयाचा डावा भाग आवळलेला असताना त्याच्याच स्नायूतल्या वाहिन्या चेपलेल्या असतात, म्हणून त्याला रक्त मिळतं ते मुख्यतः सैल पडल्यावर. पंगतीत सगळ्यांना वाढून झाल्यावर शेवटी ताटावर बसणाऱ्या आपल्या आयांसारखं. लिमा एल.ए.डी.ला जोडली की तिची रेघ बदलते. आवळताना लहान उंचवटा आणि सैल पडताना मोठा. तीच रोहिणी, काही मिनिटांपूर्वी छातीच्या भिंतीची होती, आता हृदयाच्या तालावर वागते. कोड बरोबर होता.

तर मुद्दा मागणीचा. तो माझ्या घरातच उभा राहिला, सात वर्षांपूर्वी. बाबा तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते. तुमच्यापैकी काहींना ते आठवत असतील, सहलीच्या पैशांची मुदत संपली तरी एक दिवस थांबा म्हणून शाळेत येऊन सांगणारे. अँजिओग्राफीत एल.ए.डी. ८५ टक्के अरुंद, मागच्या बाजूची फांदी ९० टक्के, आणि उजवी रोहिणी ५० टक्के. पहिल्या सर्जननी सांगितलं, दोन बायपास करू, उजवीला हात लावणार नाही. दुसरं मत घेतलं. ते म्हणाले, तिन्ही करून टाकू. आमचे धाकटे काका तिसऱ्याच्या बाजूने ठाम होते. "वहिनी, पुन्हा थोडीच छाती उघडणार आहोत? वयाच्या ऐंशीव्या वर्षी उजवी बंद पडली तर?" आईने माझ्याकडे बघितलं. तू या कामात आहेस, तू सांग. दोन्ही डॉक्टर अनुभवी होते, काकांचा प्रश्नही चुकीचा नव्हता, आणि सही मला करायची होती.

मी पहिल्या सर्जनना परत जाऊन एवढंच विचारलं, "तिसरा ग्राफ्ट घातला तर त्यातून रक्त जाईल का?" ते म्हणाले, "मोजून बघू." उजव्या रोहिणीत एक बारीक तार घातली. औषध देऊन प्रवाह जास्तीत जास्त वाढवला आणि अडथळ्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मोजला. पलीकडचा दाब अलीकडच्याच्या किती पट, एवढाच भागाकार. तो ०.८० किंवा त्याच्या खाली आला तर अडथळा खरोखर रक्त अडवतोय असं धरतात. बाबांचा ०.८८ आला. म्हणजे अँजिओग्राफीच्या चित्रात नळी निम्मी दिसत होती, पण पुढच्या स्नायूला रक्त पोचत होतं.

हे ऐकून तुम्हाला चौथा घात आठवेल. व्यास निम्मा, मग प्रवाह सोळावा हिस्सा व्हायला नको का? नाही, कारण ती अरुंद जागा असते काही मिलिमीटरची, आणि दाबाचा खरा मोठा भाग खर्च होतो पुढच्या अतिसूक्ष्म वाहिन्यांत. त्या गरजेप्रमाणे सैल पडून तूट भरून काढतात. विश्रांतीतला प्रवाह तर अडथळा ८५ टक्क्यांच्या आसपास जाईपर्यंत फारसा कमी होत नाही. त्या आधी कमी होते ती राखीव ताकद, जिना चढताना लागते ती.

काकांना मी हे आकडे सांगितले नाहीत. त्यांना आपल्या शाळेमागचा पाट सांगितला. मधल्या सुट्टीत ज्याच्यावरून उड्या मारायचो, तो. वरच्या अंगाला नवा कालवा झाला, त्याचं पाणी शेतांना मिळायला लागलं, आणि हा पाट कुणी बुजवला नाही, तरी दोन-तीन पावसाळ्यांत गाळ आणि बाभळींनी भरून गेला. मूळ रोहिणीतून रक्त व्यवस्थित येत असताना तिच्या पुढे ग्राफ्ट जोडला, तर दोन वाटांनी आलेलं रक्त एकमेकांसमोर उभं राहतं. ग्राफ्टमधून फारसं काही वाहत नाही. पाट गाळाने भरतो, रोहिणी तर स्वतःच आकसते. गुठळी नाही, जंतू नाही, टाका चुकलेला नाही. डॉक्टर तिला दोऱ्यासारखी झाली म्हणतात. लिमाच्या बाबतीत तरी अशी आकसलेली रोहिणी पुढे मूळ रोहिणी बंद पडल्यावर पुन्हा उघडल्याची उदाहरणं नोंदली गेली आहेत, पण त्याच्यावर विसंबून कुणी ऑपरेशन आखत नाही.

"मग शीर लावा," काका म्हणाले. शीर अशी आकसत नाही, हे खरं. पण ग्राफ्ट जोडला की मूळ रोहिणीचा वरचा भाग पुष्कळदा लवकर बंद होत जातो, कारण आता तिच्यातूनही कमी वाहतं. म्हणजे जी रोहिणी गोळ्यांवर कदाचित वर्षानुवर्षं चालली असती, ती आपणच बंद पडू द्यायची आणि त्या भागाचा सगळा भार शिरेवर टाकायचा. हा सौदा ०.६० ला मान्य करावा लागतो. ०.८८ ला नको, असं मी ठरवलं आणि सही केली.

लिमा एल.ए.डी.ला आणि हातातली रोहिणी मागच्या फांदीला, असे दोनच केले. टाके घातल्यावर दोन्हीतला प्रवाह मोजला. मिनिटाला २० मिलिलिटरपेक्षा बराच जास्त, आणि सर्वात जास्त व सर्वात कमी प्रवाहातला फरक भागिले सरासरी, हा आकडा तीनच्या आत. तो पाचाच्या वर गेला तर सर्जन टाका किंवा पीळ तपासतात, गरज पडली तर छाती बंद करायच्या आधी पुन्हा शिवतात. गेल्या वर्षी दुसऱ्याच तक्रारीसाठी बाबांचा सीटी अँजिओ झाला. दोन्ही ग्राफ्ट उघडे आहेत, लिमा तर चांगली गुटगुटीत झाली आहे. उजवी होती तेवढीच आहे. पुढे ती तशीच राहील असं कुणी लिहून दिलेलं नाही, आणि काका दर दिवाळीला एकदा तरी विचारतातच, "उजवीचं काय?"

हातातल्या रोहिणीची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण आपल्या एका सरांनी सकाळी मला मनगट पुढे करून विचारलं, की त्यांची डावी नाडी वैद्यबुवांना सापडत नाही ती का. सर, ती आता तुमच्या हृदयावर आहे. हाताला दुसरी रोहिणी पुरते, ऑपरेशनआधी ते तपासतात. ही रोहिणी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसला कार्पांतिये यांनी वापरून पाहिली आणि सोडून दिली, कारण तिच्या भिंतीत स्नायू जास्त, ती लगेच आवळून बसायची. पुढे वर्षांनी त्यांच्याच काही जुन्या रुग्णांचे ग्राफ्ट ठणठणीत उघडे सापडले, आणि १९९० च्या दशकात ती परत आली. २०१८ मध्ये सहा चाचण्यांतल्या हजारभर रुग्णांचा एकत्र हिशेब आला, त्यात पाच वर्षांनी ती शिरेपेक्षा सरस ठरली. पण लाजाळू ती आहेच. मूळ अडथळा चांगला घट्ट असेल, डावीकडे ७० टक्क्यांच्या वर आणि उजवीकडे ९० च्या आसपास, तरच तिला जोडतात.

"मग दोन्ही बाजूंच्या छातीतल्या रोहिण्या वापरल्या तर आणखी चांगलं," असं ग्रुपवर एकाने लिहिलं होतं. सर्जनांनाही वाटलं होतं. तीन हजारांवर रुग्णांच्या मोठ्या चाचणीचे दहा वर्षांचे निकाल २०१९ मध्ये आले, तेव्हा एक विरुद्ध दोन असा मृत्यूंत ठळक फरक दिसला नाही. चाचणीत अनेकांचा गट प्रत्यक्षात बदलला होता, म्हणून वाद चालू आहे. शिवाय दोन्ही काढल्या की छातीच्या हाडाचा रक्तपुरवठा घटतो, आणि मधुमेह असलेल्यांत जखम भरायला त्रास होतो. आपल्या वर्गात मधुमेह असलेले हात वर करा म्हटलं, तर अर्धी रांग उभी राहील.

आता व्यवहाराचं. बायपास ठरला असेल किंवा झाला असेल, तर दोन्ही हातांचं ब्लडप्रेशर एकदा मोजून घ्या. लिमाचं पाणी कुठून येतं ते मघाशी सांगितलं, डाव्या हाताकडे जाणाऱ्या मोठ्या रोहिणीतून. तीच वर कुठे अरुंद असेल, तर डाव्या हाताने जोराचं काम करताना रक्त उलटं वाहतं, हृदयाकडून लिमातून वर हाताकडे. बादली उचलली आणि छातीत दुखलं, याचं एक कारण हेही असतं. दोन हातांच्या वरच्या आकड्यात १५-२० पेक्षा जास्त फरक दिसला तर डॉक्टरांना सांगा. मशीन घरी असतंच, फक्त आपण नेहमी एकच हात पुढे करतो.

दुसरं, ऑपरेशनचा सविस्तर कागद मागून घ्या आणि जपा. 'तीन बायपास' एवढं पुरत नाही. कोणती वाहिनी, कुठून काढली, कुठे जोडली, आणि प्रवाह मोजला असेल तर त्याचे आकडे. पुढे कधी अँजिओग्राफी करायची वेळ आली, तर कोणत्या हातातून जायचं आणि ग्राफ्टची तोंडं कुठे शोधायची, हे त्या कागदावरून ठरतं. बाबांचा कागद आईने लग्नाच्या अल्बमच्या पिशवीत ठेवला आहे, त्यामुळे तो हरवण्याची भीती नाही.

आणि डॉक्टरांना विचारायचंच असेल, तर "किती" ऐवजी "प्रत्येकातून रक्त जाईल का, आणि ते कशावरून" असं विचारा. वेळ असेल तर ते सांगतात, माझा अनुभव आहे.

मागून चहाची खूण झाली आहे. ज्यांनी रिपोर्ट पिशवीतून आणलेत, आणि मला तीन तरी पिशव्या दिसतायत, त्यांनी चहानंतर दहावी 'अ'च्या वर्गात या. त्यातला कोणता शब्द काय म्हणतो ते मी सांगेन. गोळ्या मात्र कुणाच्या बदलणार नाही.